टिनाच्या आड

अकोला, सोमवार, ९ एप्रिल १९६२

आज फटफटीची फ्रेम आली.

आतापर्यंत बादल्या, लोखंडी खाटेचे पाय, नांगराचे फाळ, एकदा शाळेची घंटा, असलीच कामं आली. ती तुटली तर माणूस परत येऊन शिव्या देईल. फटफटी तुटली तर माणूस परत येणारच नाही. मी यांना तसं म्हटलं. हे म्हणाले, "काम घेतलं आता."

ही वही पुंजाजीनं, माझ्या भावानं, मी सातवी पास झाले तेव्हा अमरावतीहून आणून दिली होती. सहा वर्षं ट्रंकेत कोरी पडून होती. लिहिते याचं कारण एवढंच की ही गोष्ट मला कोणाजवळ बोलता येत नाही. आत्याबाई, माझ्या सासूबाई, दुपारी झोपतात, तेवढा वेळ मिळतो.

डिसेंबरात वेल्डिंगचा गॅस करायची कार्बाइडची टाकी फुटली आणि आतला चुन्याचा राडा यांच्या डोळ्यांत गेला. मोठ्या दवाखान्यात महिनाभर पट्ट्या होत्या. डॉक्टर म्हणाले, डावा गेला, उजवा जेवढा येईल तेवढा येईल. घरी आले तेव्हा यांना दाराची चौकट दिसायची, दारात कोण उभं आहे ते दिसायचं नाही. मग यांनीच मला वेल्डिंग शिकवलं. समोर दुकानात हे स्टुलावर बसतात, गिऱ्हाइकाशी बोलतात, हातोडी ठोकतात. मागे पत्र्याचा मोठा टिन उभा केला आहे. टिनाच्या आड मी. लुगड्यावर यांचा खाकी शर्ट घालते, डोक्याला फडकं, डोळ्याला काळा चष्मा. कोणी फटीतून पाहिलंच तर खाकी दिसावं. गिऱ्हाइकांना सांगितलं आहे की जानराव मिस्त्रीचा हात कोणी पाहिलेला त्यांना चालत नाही.

फ्रेम चंद्रभानजींची आहे. अकोटला गुरांच्या दवाखान्यात स्टॉकमन आहेत, तेल्हाऱ्याकडच्या गावांना ढोरांना टोचायला जातात. लष्कराच्या लिलावातली जुनी गाडी. इंजिन, टाकी सगळं समोरच्या मेकॅनिककडे उतरवून ठेवलं आणि नुसता सांगाडा आमच्याकडे आणला. हँडलखाली, पुढचा पाइप जिथं जाड डोक्यात शिरतो, तिथं चीर आहे. नखभर.

मंगळवार, १० एप्रिल

नखभर नव्हती. कानशीनं रंग काढला तर चीर अर्ध्या पाइपाला वळसा घालून गेली होती. यांनी फ्रेम मांडीवर घेतली आणि चिरेवरून, मग खाली पाइपावरून अंगठा फिरवला. हातोडीनं टकटक करत खाली आले. एका जागी आवाज बसला.

"आतून सडली हाये," हे म्हणाले. "वरून टाका मारला त टाका राहीन आन् पाइप जाईन. कापा लागते."

मला वाटलं होतं वरून एक ओळ फिरवली की झालं. विताएवढा तुकडा कापून काढला. आतून गंजाची पूड पडली, तपकिरीसारखी. त्यात कुजलेला कसलासा किडा होता. पाणी कधीचं आत शिरलं असेल आणि बाहेर यायला वाट नसेल.

शुक्रवार, १३ एप्रिल

भंगारवाल्याकडून दोन पाइप आणले. एक बाहेरच्याच मापाचा. दुसरा बारीक, तो आत बसवायचा, म्हणजे जोडाला आतून आधार राहतो. तीन दिवस मी नुसत्या तुकड्यांवर हात बसवते आहे. जोडला की हे हातोडीनं तोडतात आणि तुटलेली बाजू बोटांनी चाचपून चूक सांगतात. इथं फुगे राहिले. इथं नुसतं वरून वितळलं. इथं तू घाई केली. रागावत नाहीत. लग्न झाल्यापासून इतकं बोलले नव्हते.

एक गोष्ट लिहून ठेवते. मी वेल्डिंगची बत्ती पेटवायला घेतली की फट्‌ आवाज व्हायच्या आत हे उठून समोर जातात. कोणी येईल म्हणून पहारा ठेवत असतील.

शनिवार, १४ एप्रिल

जयंती. दुकान बंद. पांढरं लुगडं नेसून निघाले तर हे मागून म्हणाले, "पदराले काजळ लागलं हाये." पाहिलं तर खरंच, बोटाएवढा डाग. पांढऱ्यावर काळं असल्यानं दिसलं असेल. उजवा सुधारतो आहे म्हणून बरं वाटलं. आत्याबाईंना सांगितलं. त्या खाली मान घालून डाळ निवडत राहिल्या.

मंगळवार, १७ एप्रिल

आज सांधा केला. आणि आज जे केलं ते लिहू की नको असं होतं आहे.

सकाळी फ्रेम पाटावर बांधली. ओळंबा सोडून, सुतळी ताणून डोकं सरळ आहे की नाही ते पाहिलं. आतली नळी बसवली. हे पुन्हा पुन्हा एकच सांगत होते की झाल्यावर फ्रेम राखेत पुरून ठेव, हळूहळू निवू दे. "पानी नको लागू देजो. पान्यानं लोखंड ठिसूळ होते, मंग सांध्याच्या बाजूनं जाते."

वरचा जोड उत्तम झाला. खालचा संपत आला होता, लालभडक होता, तेवढ्यात मागच्या दाराशी बांगड्या वाजल्या. चंद्रभानजी बायकोला घेऊन एक दिवस आधीच आले होते, आणि ती पाणी प्यायला म्हणून सरळ मागे आली. मी बत्ती बंद केली. शर्ट काढून फेकला. पण लाल लोखंडाचं काय करणार? टाकीशेजारचं ओलं पोतं होतं ते उचलून त्यावर टाकलं. छन्न झालं.

"काय झालं वो?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, चुलीवर पाणी सांडलं.

कौशल्या नाव तिचं. माझ्याच वयाची असेल. आमच्या घरचं पाणी पिताना तिनं मागंपुढं पाहिलं नाही, दोन तांबे प्यायली आणि तिथंच बसली. माहेर तेल्हाऱ्याला. फटफटीवर मागे बसून जाते, पहिल्यांदा भ्याली, आता मजा वाटते म्हणाली. अर्धा तास बसली. पोत्याखालून वाफ येत होती ती हळूहळू थांबली.

ती गेल्यावर पोतं काढलं. सांधा सुंदर दिसत होता. यांनी अंगठा फिरवला, दोनदा फिरवला, म्हणाले, "चांगला उतरला. माहा असा उतरला नसता."

मी सांगणार होते. ते ऐकलं आणि न सांगताच पोतं उचलून टाकीशेजारी ठेवलं.

शुक्रवार, २० एप्रिल

गाडी गेली. चंद्रभानजींनी किक मारली, गल्लीत एक फेरी मारून आले, यांचा हात हातात घेतला. मी टिनाच्या फटीतून पाहत होते. काळा रंग दिला होता, जोड कुठं आहे ते कळतही नव्हतं.

गुरुवार, ३ मे

पुंजाजीचं पत्र. अमरावतीच्या ट्रेनिंग शाळेत मास्तरणीच्या वर्गासाठी त्यानं गेल्या वर्षी माझा अर्ज भरला होता. मी विसरूनही गेले होते. निवड झाली. पंधरा जूनला हजर व्हायचं. बोर्डिंगात राहायची सोय आहे, दोन वर्षांनी नोकरी. त्यानं अक्षर मोठं काढून लिहिलं आहे, "आपल्या घरात पहिली."

पत्र चार वेळा वाचलं. मग टिनाच्या आड जाऊन फाळ जोडला.

शनिवार, ५ मे

आज सांगितलं. जेवताना, आत्याबाईंसमोरच. यांनी घास खाली ठेवला. मग म्हणाले, "तू म्हनशीन तसं." आणि उठून ओट्यावर जाऊन बसले. ताटात भाकर तशीच होती.

आत्याबाई म्हणाल्या, सुनेनं मास्तरीण व्हायचं आणि आंधळ्या लेकाचा हात मी धरायचा, असं का? त्या वाईट नाहीत. दवाखान्यात महिनाभर फरशीवर झोपल्या होत्या. त्यांचं म्हणणं खरंच होतं.

ऊन इतकं आहे की टिन दुपारी हाताला चिकटतो. मागे वारा नाही. दार उघडं ठेवता येत नाही. चष्म्याच्या आत घाम साचतो आणि ज्योत दोन-दोन दिसते.

बुधवार, १६ मे

पुंजाजीला उत्तर लिहिलं नाही. हो लिहायचं तर हात होत नाही, नाही लिहायचं तरी होत नाही.

काल पायात बाभळीचा काटा मोडला. यांनी पाय मांडीवर घेतला आणि सुईनं दोन मिनिटांत काढला. मी म्हटलं, दिसलं का? म्हणाले, बोटांना कळते. खरंच यांच्या बोटांत जादू आहे.

मंगळवार, २२ मे

रोज फटफटीचा आवाज आला की काम थांबवते. पुढून गेला की पुन्हा सुरू करते. झोपेत तेल्हाऱ्याचा रस्ता दिसतो. मी तो रस्ता कधी पाहिलेला नाही.

आज संध्याकाळी हे अंगणात उभे होते. म्हणाले, आज गिधाडं लय उंच हायेत. मी वर पाहिलं तर मलाच आधी सापडेनात. यांना विचारलं, मग दुकानातलं का नाही दिसत? म्हणाले, दूरचं दिसते, जवळचं नाई. असंही होत असेल.

शनिवार, २ जून

सांगितलं. यांना पोत्याचं सगळं सांगितलं. वाटलं होतं हातोडी फेकून मारतील. यांनी हातोडी खाली ठेवली. मी म्हटलं, चंद्रभानजींना बोलावून घेऊ, पुन्हा करू. हे म्हणाले की दीड महिना झाला, काही झालं नाही, म्हणजे टिकला. मी म्हटलं, तुम्हीच सांगितलं होतं की बाजूनं जाते.

"आन् काय सांगशीन त्याले? का मिस्त्रीच्या हातून पोतं पडलं?"

"खरं सांगीन."

"मंग उद्यापासून कोनी येनार नाई. बाईच्या हातचं काम कोन घेईन?"

मी विचारलं, आणि ती कौशल्या मागे बसलेली असली तर? हे उठले. दुकान लवकर बंद केलं. मी रात्रभर विचार केला की मी इथं दुकान वाचवते आहे की यांना, की स्वतःला. टिन उभा केला तेव्हा वाटलं होतं, चार महिने. आता तो भिंतीसारखा झाला आहे, त्यात दार कुठं होतं ते आठवत नाही.

मंगळवार, ५ जून

अकोटला जाऊन आले. कोणाला न विचारता.

सकाळी बाजाराला जाते म्हणून निघाले आणि यष्टीत बसले. गुरांच्या दवाखान्यात पोचले तर शिपाई म्हणाला, चंद्रभानजी तेल्हाऱ्याकडे दौऱ्यावर गेले, बायकोला माहेरी सोडून येणार. मी ओट्यावर बसले. एक गाय डोळा सुजलेली बांधली होती. दहा वाजले, अकरा वाजले, एक वाजला. शिपायानं दोनदा विचारलं, तुमचं ढोर कुठं आहे? मी म्हटलं, येतं आहे.

अडीचला फटफटीचा आवाज आला. मी उठून रस्त्याकडे पाहिलं. एकटे होते. कौशल्या माहेरी पोचली होती.

मी मिस्त्रींच्या घरची, असं सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "मिस्त्री बरे हायेत ना?"

मी तिथंच, उन्हात, उभ्यानं सगळं सांगितलं. टिन, खाकी शर्ट, पोतं. सांधा माझा आहे हेही. ते ऐकत राहिले. मग गाडीशेजारी खाली बसले, रुमालानं हँडलखालचा पाइप पुसला. धूळ गेली तर खालच्या जोडाच्या वरच्या कडेला, रंगात, केसाएवढी रेघ होती. त्यांनी नख लावलं. नख अडकलं.

रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "तेल्हाऱ्याच्या रस्त्यानं तीन गावं हायेत ना, वयनी, मधात. नाल्यापाशी आमी दोघंही उडालो होतो सकायी. ते मांगं बसून हासत होती."

मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

बुधवार, ६ जून

जिनिंगच्या मालमोटारीत टाकून त्यांनी गाडी आणली. मेकॅनिकनं इंजिन उतरवलं, फ्रेम दुकानात आली. गल्लीतले चारपाच जण जमले. हे स्टुलावरच होते. मी अकोटला गेले ते मी काल आल्याबरोबर यांना सांगितलं होतं. 

चंद्रभानजी म्हणाले, "मिस्त्री, माहं काई म्हननं नाई. पन आता तुमी सोता करा. माह्यासमोर."

हे उठले. मला वाटलं नाही म्हणतील, डोळ्यांचं सांगतील. पण हे टिनाच्या मागे आले, बत्ती उचलली, चावी फिरवली. मी काडी लावली. फट्‌ झालं आणि यांचं सगळं अंग मागे गेलं, पाठ टिनावर आपटली.  घाम गळत होता. यांची नजर ज्योतीवर होती, ज्योत जिकडे जाईल तिकडे नजर जात होती, अगदी नेमकी. मी यांच्या तोंडाकडे पाहत होते आणि मला ते तेव्हा पहिल्यांदा कळलं.

यांनी चावी बंद केली आणि बत्ती खाली ठेवली.

चंद्रभानजी म्हणाले, दिसत नसेल तर राहू द्या.

"दिसते मले," हे म्हणाले. "मार्चपासून दिसते. भेव लागते."

 आत्याबाई दारात होत्या, त्या आत निघून गेल्या. त्यांनाही ठाऊक होतं की काय, ते मी विचारलं नाही.

मी टिनाला हात घातला आणि बाजूला ओढला. एकटीला हलेना तर चंद्रभानजींनी दुसरं टोक धरलं. उजेड आत आला. चष्मा लावला, शर्ट घातला नाही. जुना जोड कापला, नवी नळी घातली, सांधा केला. लोक पाहत होते. माझा हात हलला नाही. हाताला जणू माहीतच नव्हतं की काय झालं आहे. मग फ्रेम राखेत पुरली. चंद्रभानजी ती निवेपर्यंत चार तास ओट्यावर बसून राहिले.

शुक्रवार, ८ जून

गाडी गेली. जाताना चंद्रभानजी म्हणाले, पंधरा दिवसांनी दाखवायला आणीन, आणि मग विचारलं, "कोनाले दाखवू?" मी यांच्याकडे पाहिलं. हे हातोडी शोधायला लागले.

मार्च, एप्रिल, मे. मी बोटांवर मोजत बसले. यांना दिसत होतं आणि मी त्या तापल्या टिनाच्या आड होते. राग येतो. मग आठवतं की टाकी फुटली तेव्हा यांनी तोंडावर हात घेऊन ओरडत अंगणभर कसे वेढे घातले होते. राग उतरतो. मग पुन्हा येतो.

रविवार, १० जून

मी म्हटलं, मी शिकवते तुम्हाला परत. जसं तुम्ही शिकवलं. आधी नुसती पेटवायची, धरायची, बंद करायची.

तीन दिवस सकाळी बसलो. मी काडी लावते, हे मागे सरतात. मी बत्ती हातात देते, हे माझ्याकडे परत देतात. काल मी ओरडले. आज यांनी चावी माझ्या हातातून काढून घेतली आणि शांतपणे म्हणाले,

"जवरोक तू इथं हायेस, तवरोक मी पेटवनार नाई. मले मालूम हाये, तू पेटवशीन."

"आणि मी गेले तर?"

"त मंग पेटवा लागन. का मंग उपाशी मरा लागन. पन तू हायेस तवरोक दोन्ही होत नाई."

हे मला जा म्हणाले की राहा म्हणाले, ते मला नीट कळलं नाही. पुंजाजीला कार्ड टाकलं: येते.

गुरुवार, १४ जून

ट्रंक बांधली. आत्याबाईंनी भाकरी बांधून दिल्या. हे स्टेशनपर्यंत आले. गाडी हलली तेव्हा हे डब्याबरोबर चालत नव्हते, जागीच उभे होते.

मूर्तिजापूर येईपर्यंत मी तीन वेळा उतरायचं ठरवलं.

अमरावती, सोमवार, २५ जून

घरून पत्र नाही. इथं एका खोलीत आठ जणी. खिडकीला गज आहेत आणि सहाला फाटक लागतं. पहिले दोन दिवस मला गुदमरल्यासारखं होत होतं. कोणी विचारलं, मालक काय करतात, तर मी म्हटलं, वेल्डिंग. खोटं बोलले की खरं, ते मला माहीत नाही. दुकान उघडं आहे की बंद, तेही माहीत नाही.

रविवार, १ जुलै

आज भेटीचा दिवस. बोर्डिंगच्या बाईंनी येऊन सांगितलं, फाटकाशी कोणी आलं आहे.

हे आले होते. धुतलेला सदरा, पूर्ण बाह्यांचा, मनगटापर्यंत गुंड्या लावलेल्या. आत्याबाईंनी तुरीची डाळ पाठवली होती. आम्ही कडुनिंबाखाली बसलो. चंद्रभानजी गाडी दाखवून गेले, सांधा ठीक आहे म्हणाले. आत्याबाईंच्या गुडघ्याचं सांगितलं. पुंजाजीचं विचारलं. दुकानाचं काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. एवढ्यासाठी पंधरा दिवस झोपले नव्हते आणि आता विचारायची भीती वाटत होती.

हे निघायला उठले तेव्हा यांनी डाळीची पिशवी द्यायला हात पुढे केला आणि बाही वर सरकली. मनगटाच्या आतल्या बाजूला भाजलं होतं. ताजं होतं, दोन-तीन दिवसांचं, मध्ये पाण्याचा फोड.

मी हात धरून ठेवला. यांनी सोडवून घेतला नाही.

"काय लावलं याला?" मी विचारलं.

"काई नाई," हे म्हणाले. "पयला हाये. आनखी दोनचार होतीन."

बाईंनी फाटकाची साखळी वाजवली. मी आत आले.